आवाजाच्या पट्ट्याने पिसवा पळतात का?

नाही. पारनेरच्या वाड्यावरचा मेंढपाळाचा कुत्रा असो की नगरच्या सावेडीतले मांजर, गळ्यातल्या अल्ट्रासॉनिक पट्ट्यावर पैसे घालवू नका. पिसूला कानच नसतात. जनावर जवळ आल्याचे तिला ऊब, हालचाल आणि उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड यांवरून कळते. अमेरिकेत मांजरांवर घेतलेल्या चाचणीतही (1989) हे पट्टे निरुपयोगी ठरले. उलट तो आवाज पोचतो जनावरालाच: कुत्र्याला सुमारे 45, मांजराला 64 किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येते. पिसवांची अंडी, अळ्या आणि कोष अंथरुणात, गोणपाटात, जमिनीच्या भेगांत असतात. अंथरूण गरम पाण्यात धुवा, कोपरे झाडा. औषध पशुवैद्यकाला विचारूनच लावा. कुत्र्यासाठीचे परमेथ्रिनयुक्त औषध मांजराला कधीही लावू नका; ते त्याच्या जिवावर बेतते.