घरचा संगणक आणि जाळ्यावरील अनोळखी हालचाल

संगणक ही आता केवळ मोठ्या कार्यालयांची मिरासदारी राहिलेली नाही. शिक्षकांच्या घरी, ग्रामपंचायत सदस्यांच्या घरी, तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या घरी संगणक आला आहे आणि विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिका, लाभार्थ्यांच्या याद्या, बँकेचे व्यवहार अशी नाना प्रकारची माहिती त्यात साठविली जात आहे. असा संगणक इंटरनेटच्या जाळ्याशी जोडलेला असल्याने त्यातून रात्रंदिवस माहितीची ये-जा चालू असते. ही ये-जा कधी अकारण वाढल्यासारखी दिसली, म्हणजे राऊटरचा दिवा सतत लुकलुकू लागला, महिन्याचा डेटा वेळेआधी संपला किंवा संगणक मंदावला, तर त्यात एखादी घातक आज्ञावली, म्हणजे मालवेअर, शिरली असेल काय, असा प्रश्न साहजिकच उभा राहतो. या प्रश्नाची शहानिशा पद्धतशीरपणे कशी करावी, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

हालचाल म्हणजे रोग नव्हे

प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे की, बहुतांश अनोळखी हालचाल निरुपद्रवी असते. विंडोज प्रणाली आपली अद्ययावत आवृत्ती पाठीमागे उतरवून घेते. एवढेच नव्हे, तर विंडोजमधील एका सोयीनुसार उतरविलेल्या आवृत्तीचे तुकडे दुसऱ्या संगणकांना पाठविलेही जाऊ शकतात. छायाचित्रांची व कागदपत्रांची दूरस्थ साठवण, विषाणुरोधक आज्ञावलीची नवी यादी, ब्राउझरमधील उघडी पाने या सर्वांना जाळ्याची गरज लागते. घरातील दूरदर्शन संच व भ्रमणध्वनी त्याच वाय-फायवर असतील, तर राऊटरच्या दिव्यावरून संगणकाबद्दल काहीच निदान करता येत नाही.

घरातील सर्व दिवे बंद केल्यावरही विजेचे मीटर फिरत राहिले, तरच गळतीचा संशय येतो. हाच न्याय येथे लावावा. संगणक पुन्हा सुरू करावा, कोणतीही आज्ञावली उघडू नये आणि पंधरा-वीस मिनिटे वाट पाहावी. आरंभीची अद्ययावतीकरणाची धावपळ संपल्यावर हालचाल मंदावली, तर काळजीचे कारण सहसा नसते. ती मंदावली नाही, तर पुढील तपासणी करणे इष्ट होय.

जोडण्यांची पाहणी

विंडोज संगणकावर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या असता टास्क मॅनेजर उघडतो. कोणती आज्ञावली जाळ्याचा किती वापर करीत आहे, हे त्यातील नेटवर्कच्या स्तंभात दिसते. अधिक तपशील रिसोर्स मॉनिटर या साधनात मिळतो. प्रत्येक आज्ञावली कोणत्या पत्त्याशी बोलत आहे व किती माहिती पाठवीत आहे, हे तेथे कळते.

जुने व भरवशाचे साधन म्हणजे नेटस्टॅट ही आज्ञा. कमांड प्रॉम्प्टमध्ये या आज्ञेपुढे आडवी रेघ देऊन ए, एन, ओ ही तीन इंग्रजी अक्षरे जोडली असता सर्व जोडण्यांची यादी येते. प्रत्येक ओळीत स्वतःचा पत्ता, पलीकडचा पत्ता, जोडणीची अवस्था आणि त्या प्रक्रियेचा क्रमांक असतो. तोच क्रमांक टास्क मॅनेजरच्या तपशिलात शोधला म्हणजे आज्ञावलीचे नाव कळते.

ही यादी वाचताना काही खुणा ध्यानात ठेवाव्यात. १२७.०.०.१ हा पत्ता म्हणजे संगणक स्वतःच होय. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते सामान्यतः घरातील जाळ्याचे असतात. 'लिसनिंग' म्हणजे जोडणीची वाट पाहणे आणि 'एस्टॅब्लिश्ड' म्हणजे जोडणी चालू असणे. पत्त्यानंतरचा आकडा हा पोर्ट, म्हणजे दाराचा क्रमांक असतो. ४४३ हे सुरक्षित संकेतस्थळांचे, २५ हे टपाल पोहोचविण्याचे, ४४५ हे फाइलींच्या देवघेवीचे आणि ३३८९ हे दुरून संगणक चालविण्याचे दार समजले जाते.

संशयास्पद काय मानावे

घरच्या संगणकातून २५ क्रमांकाच्या दाराने अनेक अनोळखी पत्त्यांकडे जोडण्या जात असतील, तर तो फसवी टपाले पाठविण्यासाठी वापरला जात असल्याचा दाट संशय येतो. ४४५ क्रमांकाच्या दारावर शेकडो निरनिराळ्या पत्त्यांकडे 'सिन सेंट' या अवस्थेतील अपुऱ्या जोडण्या दिसल्या, तर एखादा जंतू नवे सावज शोधत असावा. १२ मे २०१७ रोजी पसरलेला 'वॉनाक्राय' याच दाराने संगणकांत शिरला आणि सुमारे १५० देशांत त्याने उत्पात घडविला. त्याला रोखणारी दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच उपलब्ध झाली होती. ज्यांनी ती बसविली नव्हती, त्यांना त्याची झळ बसली.

ठरावीक अंतराने एकाच पत्त्याशी होणारा अल्प संपर्कही लक्षात घ्यावा. काही घातक आज्ञावल्या आपल्या सूत्रधाराकडून हुकूम घेण्यासाठी असा संपर्क साधतात. मात्र टपाल तपासणारी साधी आज्ञावलीही तेच करते. म्हणून पाठोपाठ दुसरा प्रश्न विचारावा : ही आज्ञावली कोणत्या फोल्डरमधून चालते? 'एसव्हीसीहोस्ट' हे विंडोजच्या अस्सल सेवेचे नाव आहे व ती सिस्टिम-३२ या फोल्डरमध्ये असते. त्याच नावाची फाइल तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमधून चालत असेल, तर ते सोंग समजावे. फाइलीच्या गुणधर्मांत निर्मात्याची अंकीय स्वाक्षरी आहे किंवा नाही, हेही पाहता येते.

विषाणुरोधक आपोआप बंद पडणे किंवा इतर सर्व संकेतस्थळे उघडत असताना केवळ विषाणुरोधक कंपन्यांचीच न उघडणे, हे गंभीर लक्षण होय. २००८ साली पसरलेला 'कॉनफिकर' नेमके हेच करीत असे. 'डीएनएसचेंजर' या आज्ञावलीने तर संकेतस्थळांचे पत्ते शोधण्याची मूळ व्यवस्थाच बदलून लक्षावधी संगणक भलत्या ठिकाणी वळविले. नोव्हेंबर २०११ मध्ये त्या टोळीवर कारवाई झाली, तरी बाधितांसाठी पर्यायी व्यवस्था ९ जुलै २०१२ पर्यंत चालू ठेवावी लागली. यास्तव डीएनएसची नोंद संगणकात व राऊटरमध्ये तपासावी.

या तपासणीच्या मर्यादा

आजच्या अनेक घातक आज्ञावल्या ४४३ या नेहमीच्याच दाराने बोलतात, तर काही स्वतःला यादीतून लपवितात. म्हणून यादी स्वच्छ दिसली, तरी संगणक निर्धोक आहे असे निश्चित म्हणता येत नाही. राऊटरमधील जोडलेल्या उपकरणांची यादीही पाहावी. २०१६ साली 'मिराई'ने कारखान्यातून आलेले संकेतशब्द न बदललेले कॅमेरे व राऊटर ताब्यात घेतले होते. दोष संगणकात नसून भिंतीवरच्या कॅमेऱ्यात असू शकतो, हे त्यावरून ध्यानी येते.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. दूरध्वनी करून 'आपल्या संगणकात विषाणू आहे' असे सांगणारे ठग हीच नेटस्टॅटची यादी पुरावा म्हणून दाखवितात. यादीतील 'फॉरेन अॅड्रेस' या मथळ्याचा अर्थ ते 'परदेशी हल्लेखोर' असा लावतात. वस्तुतः त्याचा अर्थ केवळ 'पलीकडचा पत्ता' एवढाच आहे आणि प्रत्येक निरोगी संगणकावर तो स्तंभ भरलेला असतो. अशा व्यक्तीच्या सांगण्यावरून संगणकाचा ताबा देणारी आज्ञावली कदापि बसवू नये.

संशय बळावल्यास

प्रथम संगणकाची जाळ्याशी असलेली जोडणी तोडावी आणि त्यावरून बँकेचे अथवा कार्यालयाचे कोणतेही काम करू नये. विषाणुरोधकाची पूर्ण तपासणी करावी. विंडोजमधील 'डिफेंडर ऑफलाइन' ही तपासणी प्रणाली सुरू होण्यापूर्वीच होत असल्याने लपलेल्या आज्ञावल्या सापडण्याची शक्यता वाढते. संकेतशब्द बदलावयाचे ते दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून. बाधा खोलवर असल्यास आवश्यक कागदपत्रे जपून प्रणाली नव्याने बसविणे हाच खात्रीचा उपाय होय. विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा-साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले असल्याने त्या प्रणालीच्या संगणकांकडे विशेष लक्ष द्यावे.

केंद्र शासनाच्या 'सर्ट-इन' या यंत्रणेने फेब्रुवारी २०१७ मध्ये सायबर स्वच्छता केंद्र सुरू केले. बाधित संगणकांची सूचना इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्यांमार्फत देणे आणि सफाईची साधने विनामूल्य उपलब्ध करणे, हे या केंद्राचे कार्य आहे. पैशाची फसवणूक झाली असल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी. रक्कम रोखून धरण्याच्या दृष्टीने पहिले काही तास मोलाचे असतात.

घरच्या संगणकात विद्यार्थ्यांची वा लाभार्थ्यांची माहिती असेल, तर झालेला प्रकार संकोच न करता वरिष्ठांना कळविणे हे कर्तव्यच ठरते, कारण ती माहिती इतरांनी विश्वासाने सोपविलेली असते. आपल्या संगणकावर एरवी कोणत्या आज्ञावल्या जाळ्यावर दिसतात, याची नोंद निरोगी अवस्थेतच एका वहीत करून ठेवावी. महिन्यातून एकदा ती यादी ताडून पाहण्याचा परिपाठ शाळांतून व ग्रामपंचायतींतून पडला, तर परका पाहुणा वेळीच ओळखता येईल.