धरणावर गळ टाकायला जाताय? आधी वारा बघा



ज्वारी खळ्यावरून घरात आली, ऊस कारखान्याला गेला, की धरणाकाठच्या गावांत एक बेत हमखास ठरतो. चार मित्र, एक होडी, गळाच्या दोन-तीन काठ्या आणि भाकरीचं गाठोडं. पोटासाठी नव्हे, हौसेसाठी मासे धरायला जायचं. उजनी असो, जायकवाडी असो की कोयना, काठावरच्या माणसाला हे पाणी रोज खुणावतं. हौस चांगली आहे. मन रमतं, घरी कालवणाची सोय होते. पण विहीर, ओढा आणि नदी यांची सवय असलेला माणूस धरणाच्या पाण्याला तसंच समजतो आणि तिथंच फसतो.

२१ मे २०२४ रोजी उजनीच्या फुगवट्यात, करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी संध्याकाळच्या वादळी वाऱ्यात उलटली. होडीतला एक जण पोहत काठाला लागला. सहा जणांचा जीव गेला. ते मासे धरायला गेले नव्हते, पण पाणी तेच होतं, वाराही तोच होता. म्हणून या पत्रकात गळाच्या आधी वाऱ्याचं सांगणार आहोत.

धरणावर वारा एवढा का झोंबतो?

शेतात वारा आला तर बांध, झाडं, घरं त्याला अडवतात. धरणाच्या उघड्या पाण्यावर त्याला अडवायला काही नाही. जितकं लांब मोकळं पाणी, तितकी लाट वाढत जाते. काठावर वीतभर दिसणारी लाट समोरच्या तीराजवळ कमरेएवढी झालेली असते. शिवाय तलावाच्या लाटा एकीमागून एक, अगदी जवळजवळ येतात. एक लाट ओसरायच्या आत दुसरी होडीत शिरते.

चैत्र-वैशाखात दुपारनंतर वळवाचे ढग चढतात. पाऊस पडायच्या आधी ढगातून गार वारा एकदम खाली झेपावतो आणि चारी दिशांना पसरतो. म्हणजे अंगावर थेंब पडायच्या आधीच वादळ होडीपर्यंत पोचलेलं असतं. खुणा ओळखा. उकाडा असह्य झाला, वारा अचानक पडला, क्षितिजावर काळा पट्टा दिसला, समोरच्या तीरावर धूळ उठली किंवा दूरचं पाणी एकाएकी काळपट झालं, की गळ गुंडाळा. "हा एवढा मासा लागू दे, मग जाऊ" असं म्हणू नका.

वीज चमकली की आकडे मोजा. चमक आणि गडगडाट यांत दर तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर अंतर धरावं. तीस मोजायच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. काठ्या आडव्या ठेवा आणि सरळ काठाला लागा. काठावर आल्यावर एकट्या झाडाखाली उभं राहू नका. मोबाईलवर 'दामिनी' हे विजेची सूचना देणारं ॲप आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं ते तयार केलं आहे. निघण्यापूर्वी ते बघावं आणि आकाशवाणीवरचा हवामानाचा अंदाजही ऐकावा.

मासा मधोमध नसतो

मंडळी, या पत्रकातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच. पुष्कळांना वाटतं, जितकं खोल तितका मोठा मासा, म्हणून होडी थेट मध्यावर नेतात. खरं तर गळाला लागणारा बहुतेक मासा काठाच्या जवळ चरतो. उथळ पाण्यात तळापर्यंत ऊन पोचतं, तिथं शेवाळ आणि पाणवनस्पती वाढतात, किडे आणि झिंगे होतात. चारा तिथं मासा. भाद्रपदात धरण भरताना काठाचं गवत आणि पड जमीन पाण्याखाली जाते, तेव्हा तर मासा चक्क आपल्या शेतातच चरायला येतो.

पहाटे आणि दिवस कलताना मासा उथळ पाण्यात येतो. भर दुपारी तो जरा खोल, सावलीच्या जागी सरकतो. बुडालेल्या बाभळी, जुन्या ओढ्याचं पात्र, खडकाची कड, पाण्याखाली गेलेला बांध या त्याच्या जागा. काठावरच्या जुन्या माणसांना विचारा. कुणाची विहीर कुठं होती, ओढा कुठून जात होता, हे त्यांच्या डोळ्यांपुढं अजून आहे. बुडालेलं शिवार ज्याला ठाऊक, त्याला माशाचं घर ठाऊक.

तेव्हा काठापासून दीड-दोनशे पावलांच्या आतच राहा. मासाही तिथंच आहे आणि वारा सुटला तर काठही जवळ आहे.

कोणता मासा, कोणतं आमिष?

कटला वरच्या थरात चरतो. त्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं. रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. या तिघांसाठी कणकेचा घट्ट गोळा, भिजवलेली शेंगदाण्याची पेंड किंवा दोन्ही मिसळून वापरावं. कटल्यासाठी बूच गळाच्या थोडंच वर बांधा. मृगळासाठी शिशाचं वजन लावून गळ तळाला टेकू द्या.

चिलापी, म्हणजे तिलापिया, गांडुळाला पटकन लागते. ही आपली मूळची नव्हे, १९५२ साली देशात आणलेली. मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्लं फार वाचतात आणि बघता बघता तिनं धरणं व्यापली. शिकाऊ माणसानं हिच्यावरच हात बसवावा.

शिंगाडा संध्याकाळनंतर जुन्या ओढ्याच्या पात्रात तळाशी फिरतो. त्याला लहान मासा किंवा झिंगा लावतात. गळ काढताना सांभाळा. त्याच्या पाठीवर आणि कल्ल्यांमागे काटे असतात. काटा घुसला तर जखम स्वच्छ धुवून सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात ठेवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

मरळ वनस्पतींच्या आडोशाला दबा धरून बसते. पावसाळ्यात पाण्यावर तांबूस पिल्लांचा घोळका खळबळताना दिसला, तर त्याखाली मरळीची जोडी राखण करत असते. त्या वेळी तिला धरू नका. आई-बाप गेले की दुसरे मासे सगळा घोळका फस्त करतात. एका कालवणापायी शेकडो मरळी जातात.

काठी बांबूची चालते. दोरीला नायलॉनचा तंगूस घ्या. लहान माशाला बारीक, मोठ्याला जाड. तुटलेला तंगूस पाण्यात किंवा काठावर टाकू नका, त्यात पाणपक्ष्यांचे पाय अडकतात. बोटाएवढं पिल्लू लागलं तर ओल्या हातानं सोडवून परत पाण्यात सोडा. मात्र थाई मांगूर लागला तर तो पाण्यात सोडू नका. तो बाहेरून आलेला आहे, आपल्या माशांची पिल्लं खातो आणि त्याच्या पालनावर आपल्या देशात बंदी आहे.

पाणी सरकारचं, पण मासा कुणाचा?

रोहू, कटला, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून धरणात दरवर्षी बोटुकली विकत आणून सोडावी लागते. बहुतेक जलाशयांत मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो आणि बोटुकलीचा खर्च ती करते. न विचारता मासे धरणं म्हणजे दुसऱ्याच्या उसात शिरून ऊस मोडण्यासारखंच आहे. संस्थेच्या लोकांना आधी भेटा, परवाना लागत असेल तर जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात चौकशी करा. जायकवाडीच्या पाण्यावर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. अशा ठिकाणी वन खात्यालाही विचारावं लागतं.

कोळी बांधव तिन्हीसांजेला जाळी लावतात. प्लास्टिकच्या बाटल्या ओळीनं तरंगताना दिसल्या तर ते जाळं समजा आणि लांबून वळसा घाला. सुरुंग किंवा विष वापरून मासे मारणं हा १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. धरणाच्या भिंतीजवळ आणि दरवाजांखालच्या नदीपात्रात तर कधीच गळ टाकू नका. पाणी सुटलं की पळायला वेळ मिळत नाही.

होडी कशी असावी, कशी हाकावी?

थर्माकोलचे तुकडे, ट्रकच्या ट्यूब किंवा पत्र्याचं पिंप यांवर बसून जाऊ नका. वारा सुटला की ती हवेची होतात, आपली राहत नाहीत. होडी घ्या आणि जाणता नावाडी बरोबर घ्या. सगळे बसल्यावर होडीचा कठडा पाण्याच्या दीड वीत तरी वर राहिला पाहिजे. त्यापेक्षा कमी राहिला, तर एकाला खाली उतरवा. तो काठावरून गळ टाकील, रुसला तरी चालेल.

तरंगतं जाकीट प्रत्येकाच्या अंगात हवं, फळीखाली नको. होडी उलटल्यावर ते शोधून बांधता येत नाही. पोहता येतं म्हणून जाकीट नको, असंही नाही. लाटांत, कपड्यांनिशी, घाबरलेल्या अवस्थेत पट्टीचा पोहणाराही थकतो. होडीत बूच घट्ट लावलेले दोन-तीन रिकामे कॅन दोरी बांधून ठेवा. ते जाकिटाची जागा घेत नाहीत, पण वेळेला आधार देतात. पाणी उपसायचा डबा, जादा वल्हं आणि धारदार विळाही असू द्या.

जाताना वाऱ्याच्या तोंडाला जा, म्हणजे थकल्यावर वारा परत घरी आणतो. उलट केलं तर सकाळी मजेत जाल आणि संध्याकाळी वल्हं मारून हात गळतील. होडीलाही नांगर असतो हे आपल्याला सांगायला नको. त्याची दोरी पाण्याच्या खोलीच्या तिप्पट-चौपट लांब ठेवा आणि ती होडीच्या तोंडाला बांधा, मागच्या बाजूला कधीच नको. मागे बांधली तर लाट सरळ आत येते. नांगर अडकला आणि वारा सुटला, तर विळ्यानं दोरी कापा. मासा लागल्यावर उभं राहू नका. होड्या उलटायला एवढं निमित्त पुरतं.

उन्हाळ्यात आणखी एक धोका. उजनीचं पाणी उणे पातळीत गेलं की जुनी गावठाणं वर येऊ लागतात. पळसदेवचं देऊळ पाण्याबाहेर दिसतं, तशा कित्येक भिंती, विहिरींचे कठडे आणि बाभळींचे बुंधे पाण्याखाली हातभरावर दडलेले असतात. तिथं होडी सावकाश हाका आणि पुढं एकानं काठीनं खोली चाचपत बसावं.

आणि आपल्याच मोटारी विसरू नका. काठानं शेतीपंपांच्या केबली पाण्यात उतरलेल्या असतात. कुठं वेष्टण सोललेलं असलं तर पाण्यातही विजेचा धक्का बसतो. पंप आणि केबल यांच्यापासून होडीही लांब ठेवा आणि गळही.

होडी उलटलीच तर

होडी सोडू नका. लाकडी होडी उलटली तरी बहुधा तरंगत राहते. तिला धरून सगळे एकत्र राहा. काठ जवळ वाटतो तितका जवळ नसतो. काठावरच्यांनी बुडणाऱ्याच्या मागे उडी टाकू नये. दोरी, बांबू, कॅन, धोतर, जे हाताशी असेल ते फेकावं आणि ११२ किंवा १०८ क्रमांकाला फोन करावा.

माणूस बाहेर काढल्यावर त्याला उलटं टांगणं, पोट दाबणं, मडक्यावर गडगडवणं हे जुने प्रकार करू नका. त्यात मोलाचा वेळ जातो. श्वास चालू नसेल तर उताणं निजवा, हनुवटी वर करा, नाक चिमटीत धरून तोंडानं पाच वेळा श्वास द्या. मग छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात तीस दाब, पुन्हा दोन श्वास. मदत येईपर्यंत हे थांबवू नका. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्या. तासाभरानंतरही त्रास होऊ शकतो.

लक्षात ठेवा

१. घरी सांगून जा: कुठल्या काठाला, कोण बरोबर, किती वाजता परत.
२. उन्हाळ्यात पहाटे जा आणि दुपारच्या आत परत या. मृगापासून वारं जोरात असेपर्यंत होडी काढू नका.
३. जाकीट अंगात, दारू घरात नाही आणि होडीतही नाही.
४. काठापासून दोनशे पावलांच्या पलीकडे जाऊ नका.
५. वारा पडला, पाणी काळवंडलं, की गळ गुंडाळा.

मंडळी, पेरणीची वेळ चुकली तर हंगाम जातो. माशाचं तसं नाही. आज सोडून दिलेला मासा उद्याही त्याच बाभळीखाली चरत असेल. दारात वाट बघणाऱ्यांना कालवण कमी पडलं तरी चालेल, माणूस कमी पडता कामा नये. सांभाळून जा, आणि मोठा मासा लागला तर आम्हाला पत्रानं जरूर कळवा.