मुंडगोडच्या अंगणातला तिबेट

हुबळीहून पन्नासएक किलोमीटरवर, उत्तर कन्नड जिल्ह्यात, मुंडगोडची तिबेटी वसाहत आहे. मक्याच्या शेतांपलीकडे मठाच्या अंगणात भिक्षूंचा वाद रंगतो. एक जण खाली बसतो, दुसरा उभ्याने प्रश्न टाकतो आणि प्रश्न पुरा होताच डावा पाय आपटून तळहातावर टाळी मारतो. उत्तर तर्काला धरून आले नाही, तर सुटका नाही. इथले द्रेपुंग आणि गान्देन हे मठ मूळचे तिबेटात ल्हासाजवळचे, पंधराव्या शतकातले. १९५० साली चिनी फौजा तिबेटात शिरल्या, १० मार्च १९५९ला ल्हासात उठाव झाला आणि दलाई लामा भारतात आले. मागोमाग आलेले भिक्षू बंगालमधल्या बक्सा इथल्या जुन्या बंदिछावणीत दहाएक वर्षे शिकत राहिले. मग इथे आले. १९६६च्या सुमारास जंगल तोडून ही वसाहत उभी राहिली होती.

परकी सत्ता राष्ट्राची ओळख पुसते ती इमारती पाडून, असे आपण समजतो. ते अर्धेच खरे. तिबेटातला गान्देन चीनच्या सांस्कृतिक क्रांतीत जमीनदोस्त झाला, पण पुढे पुन्हा बांधलाही गेला. भिंती उभ्या राहू दिल्या. गुरू कोण हे ठरवण्याचा हक्क मात्र दिला नाही. १९९५मध्ये दलाई लामांनी पंचेन लामा, म्हणजे त्यांच्या खालोखालचे गुरू, म्हणून घोषित केलेला सहा वर्षांचा मुलगा ताब्यात घेतला गेला, तो आजवर जगासमोर आलेला नाही. २००७पासून तर लामांच्या पुनर्जन्मालाही चिनी सरकारची मंजुरी लागते. नास्तिक कम्युनिस्ट पक्षाला पुनर्जन्माची एवढी काळजी का? कारण परंपरा पुढे सोपवणारा हात ज्याच्या ताब्यात, ओळख त्याची.

यावर आक्षेप येतो की जुना तिबेट सरंजामी होता. होताच, जमिनी सरदारांच्या आणि मठांच्या होत्या, कुळे बांधलेली होती. पण सुधारणेला परकी फौज लागत नाही, हे निर्वासितांनीच दाखवले. १९६०मध्ये त्यांनी प्रतिनिधी निवडले आणि २०११मध्ये दलाई लामांनी राजकीय अधिकार निवडून आलेल्या नेत्याकडे सोपवले. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: मुंडगोड म्हणजे तिबेट नव्हे, बहुसंख्य तिबेटी तिकडेच आहेत. हे मान्यच करावे लागते. इथली तरुण मुलेही युरोप-अमेरिकेची वाट धरतात. तरीही जे तिकडे मोकळेपणाने शिकवता येत नाही, ते इथे रोज शिकवले जाते.

हुबळी-धारवाडकरांनी मुंडगोडला फक्त सुवर्णमूर्ती पाहून परतू नये. वादाच्या वेळी जावे आणि थोडा वेळ अंगणाच्या कडेला बसावे.