समजून घ्या : किल्लारीनंतरची नवी घरं पक्की होती, मग लोकांना परकी का वाटली?

लातूर-बार्शी रस्त्यावरच्या मुरुडमध्ये आमचं जुनं घर आहे. दगडमातीच्या जाड भिंती, लाकडी खण आणि वर पांढऱ्या मातीचं माळवद. सिव्हिलची डिग्री हातात पडल्यावर मी घरात पहिलं भाषण ठोकलं ते या माळवदावरच. "डोक्यावर टांगलेलं वजन आहे हे. पाडा आणि स्लॅब टाका." आजीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "स्लॅबखाली जीव उकडलालाय बाबा. तू झोपून बघ की एक उन्हाळा."

आजीला भूकंप कळत नाही, असं तेव्हा वाटलं. पुढे डेस्कवर ३० सप्टेंबरची बातमी करायची म्हणून जुने अहवाल वाचायला घेतले, तेव्हा लक्षात आलं की आमच्या घरातला हा वाद १९९३ नंतर इथल्या गावागावांत झाला होता. फरक एवढाच, की तिथे बहुतेक वेळा एकच बाजू बोलत होती.

नेमकं काय घडलं होतं?

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून गावं झोपली होती. औसा तालुक्यातील किल्लारी आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातील सास्तूर परिसर भूकंपाने हादरला. सुमारे १० हजार माणसं गेली. यातली बहुतेक जण गाडली गेली ती स्वतःच्याच घराच्या दगडमातीखाली.

भिंती दिसायला भक्कम होत्या, पण आतून त्या दोन वेगवेगळे थर होते. मध्ये चिखलमाती, आणि दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार लांब दगड नव्हते. त्यात दर पावसाळ्याआधी माळवदावर मातीचा नवा थर पडायचा. त्यामुळे छत वर्षागणिक जड होत गेलं होतं.

पण एक गोष्ट त्या धक्क्यात मागे पडली. जिथे खणांचा लाकडी सांगाडा धड होता, तिथे भिंती ढासळूनही छत खांबांवर उभं राहिल्याची उदाहरणं अभ्यासकांनी नोंदवली आहेत. म्हणजे जुन्या बांधकामात सगळंच चुकीचं नव्हतं. लोकांच्या मनात मात्र दगडाची धास्ती बसली. बाहेरून आलेल्या यंत्रणांनाही 'जुनं ते सगळं धोक्याचं' हे सांगायला आणि ऐकायला सोपं होतं.

मग नवी गावं कशी वसली?

जागतिक बँकेच्या कर्जातून मोठा पुनर्वसन कार्यक्रम आखला गेला. सर्वाधिक नुकसान झालेली ५२ गावं नव्या जागी हलवली. घराचं माप जमिनीवर ठरलं. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००, त्याहून जास्त असेल तर ७५०. सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट, एकसारख्या ओळी.

कागदावर हा नकाशा मलाही आवडला असता. खरं सांगायचं तर कॉलेजात आम्ही असेच नकाशे काढायचो.

आता तोच नकाशा गावातल्या माणसाच्या डोळ्यांनी बघा. वाड्याला ढेळज होती, तिथे परका माणूस थांबायचा. पुढे ओसरी आणि अंगण. बाईमाणसाला रस्त्यावरून न दिसता अंगणात धुणं-भांडी करता यायची. बैल, गाय, कडबा, शेतीची अवजारं, वर्षाचं धान्य, सगळं त्याच आवारात. नव्या घराचं दार उघडलं की थेट रस्ता. बैल बांधायचा कुठे आणि कडबा रचायचा कुठे, हे नकाशा काढणाऱ्याने विचारलंच नव्हतं. गल्लीतला शेजार मोडला, कारण २५०वाले एकीकडे आणि ७५०वाले दुसरीकडे. गावं पूर्वीपेक्षा कितीतरी पसरट झाली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. जुनं गाव म्हणजे काही गोकुळ नव्हतं. दलित वस्ती गावाच्या कडेला आणि वाडे मध्यात, ही रचनाही त्याच 'संस्कृती'चा भाग होती. ती मोडण्याची संधी होती. पण घराचं मापच जमिनीवर ठरवल्यावर जुनी उतरंड चौरस फुटांत परत आली.

सगळ्यात टोकाचं उदाहरण गुबाळचं. तिथे एका संस्थेने घुमटाकार घरं बांधून दिली. भूकंपाला तोंड द्यायला हा आकार उत्तम. पण गोल भिंतीला कपाट टेकत नाही आणि मुलाचं लग्न झाल्यावर वर खोलीही चढवता येत नाही. दोष विज्ञानात नव्हता. देणाऱ्याच्या मनातलं 'सुरक्षित घर' आणि घेणाऱ्याच्या मनातलं 'घर' हे दोन वेगळे शब्द होते, आणि मध्ये दुभाषा नव्हता.

पुढे लोकांनी स्वतःच उत्तरं काढली. पुढे शेड आलं, कुंपणभिंत आली, चूल बाहेर गेली. काही ठिकाणी संडासात सरपण भरलं गेलं. अधिकाऱ्यांना हा अडाणीपणा वाटला असेल, पण घरात धान्य-सरपणाला जागाच ठेवली नसेल तर ते जाणार कुठे?

दुभाषा कोण झालं?

जी गावं हलवायची नव्हती, तिथे घरं दुरुस्त करून मजबूत करायची होती. हे काम घरमालकानेच, सरकारी मदतीतून करायचं होतं. इथे हुकूम चालणार नव्हता, समजावणं भाग होतं. प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेकडे लोकांशी संवादाचं काम आलं आणि हजाराहून अधिक गावांत 'संवाद सहाय्यक' नेमल्या गेल्या. बहुतेक जणी महिला मंडळातल्या, त्याच गावच्या.

इंजिनिअरचा 'बँड' म्हणजे भिंतीला सगळीकडून बांधणारा पट्टा, हे त्यांना आपल्या भाषेत सांगता येत होतं. उलट दिशेनेही निरोप जायचा. पैसे कुठे अडले, गवंड्याला काय समजलेलं नाही, बाईला मोरी कुठे हवी आहे. माझ्या मते हा दुसरा प्रवास जास्त महत्त्वाचा. इंजिनिअर गावाला शिकवतो हे नेहमीचंच आहे. गावाचं म्हणणं इंजिनिअरपर्यंत पोचवायला माणूस नेमणं, हे नवीन होतं.

२००१ मध्ये कच्छला भूकंप झाला तेव्हा याच भागातल्या बायका तिकडे गेल्या. भाषा वेगळी, पेहराव वेगळा. पण घर पडल्यावर पुढे काय काय होतं, हे त्या स्वानुभवावरून सांगू शकत होत्या. गुजरातमध्ये बहुतांश ठिकाणी घर मालकानेच बांधायचं हे धोरण ठरलं, त्यामागे लातूरचा धडाही होता.

आणि मुरुडचं माळवद?

ते अजून आहे. मागच्या दिवाळीत मी भाषण न करता आजीला विचारलं, की या घरातलं नेमकं काय ठेवायचं. तिने ओसरी, देवळी आणि दुपारची गार झोप एवढंच सांगितलं. गवंडी येऊन भिंती बघून गेला. कोपरे बांधून घ्यायचे आणि वर पट्टा टाकायचा, हे तिने मान्य केलंय. माळवदावरची माती किती उतरवायची, एवढंच अडलंय. मी फूटभर म्हणतो, ती वीतभर म्हणते.