चिनी चित्रातलं गाव आणि आपली पाळ

ये, अशी तळ्याच्या पाळीवर बैस. पाय पाण्यात सोड.

काल मोबाइलवर तू मला चीनमधलं झोउझुआंग दाखवलंस. घरांच्या भिंतीला लागून कालवे, दगडी पूल, पुलाखालून सरकणारी नाव. म्हणालीस, "आजोबा, आपल्या गोंदियात असं गाव असतं तर!" ते शब्द मनातून जाईनात, म्हणून आज तुला इथं आणलं.

आपलंही गाव पाण्यानंच वसवलंय, बाळा. ही पाळ कोहळी समाजातल्या लोकांनी घातली. कुठल्या उतारावर माती टाकली की पाणी अडेल, हे त्यांना नुसत्या नजरेनं कळायचं. नवेगावबांधचा दहा-अकरा चौरस किलोमीटरचा जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला असं सांगतात. लोकांनी त्यांना कोलासूर देव केलं. तळं बांधणाऱ्याला देव मानणारी माणसं आपण! पूर्व विदर्भात अशी सहा हजारांहून जास्त मालगुजारी तळी आहेत, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांच्या ताब्यात असलेली.

ते बघ, पाण्यात उतरत गेलेलं दगडी बांधकाम. ते तुडूम. खालपर्यंत टप्प्याटप्प्यानं भोकं, प्रत्येक भोकात लाकडी खुंटी. धानाला पाणी हवं असलं की आधी सगळ्यात वरची खुंटी काढायची, पाणी उतरलं की तिच्या खालची. का? तू खोल बुडी मारलीस की कान दुखतात ना? तो वरच्या पाण्याचा भार. दहा मीटर खोल गेलं की डोक्यावरच्या सगळ्या हवेचा जेवढा दाब, तेवढा आणखी चढतो. भरल्या तळ्यात तळाची खुंटी ओढायला गेलीस तर तो भार तिला घट्ट दाबून धरतो. वरची मात्र एका हातानं निघते. पुस्तकात दाबाचं गणित शिकायच्या कितीतरी आधी हे आपल्या लोकांच्या हाताला ठाऊक होतं.

आणि पाळीच्या टोकाला जिथं बांध ठेंगणा आहे, ती सलांग. तळं भरलं की जादा पाणी तिथून खालच्या बोडीत म्हणजे छोट्या तळ्यात, बोडीतून बांध्यांत म्हणजे धानाच्या खाचरांत. खरी गंमत तिथं आहे.

मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडतो. सलांगीवरून गढूळ, गार पाणी धावायला लागतं. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना एक बारीक रेघ असते. पाण्याची हालचाल त्याला त्या रेघेनं कळते. धार कुठून येते ते उमगलं की तो तिच्या उलट पोहत चढतो. मी तुझ्याएवढा असताना एका रात्री कंदील घेऊन बांधीच्या धुऱ्यावर उभा होतो. ओल्या गवतातून एक मागूर सळसळत गेला. पाण्याबाहेर! त्याच्या कल्ल्यांच्या वर झाडाच्या फांद्यांसारखा लालबुंद अवयव असतो, त्यानं तो हवेतून श्वास घेतो. म्हणून एका बांधीतून दुसऱ्या बांधीत जायला ओलं गवतही त्याला पुरतं.

एवढा आटापिटा कशासाठी? लेकरांसाठी. बांधीतलं पाणी उथळ, ऊबदार आणि बारीक जिवांनी भरलेलं. मोठे शिकारी मासे तिथं कमी. मरळीची पिल्लं तर पाण्यावर केशरी डागासारखी घोळक्यानं तरंगतात आणि खाली आई-बाप राखण करतात. तो डाग हलला की समजायचं, मरळ जवळच आहे.

चीनमध्येही हे ओळखलंय. झेजियांग प्रांतातल्या चिंगत्यानमध्ये भाताच्या शेतात मासे सोडतात. मासे किडे खातात, चिखल ढवळतात, त्यांच्या विष्ठेनं भाताला खत मिळतं. 2005 साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनं त्या शेतीला जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान दिला. तिथं माणूस मासे सोडतो, आपल्याकडे ते सलांगीवाटे आपले आपण येत होते.

येत होते, म्हणालो. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तळी सरकारकडे आली, आणि गाळ काढायला कुणी पुढं होईना. काठावर बेशरम नावाची झुडपं माजली. फवारणीचं औषध बांधीतून तळ्यात उतरू लागलं. पण अर्जुनी मोरगावकडे मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या बायाबापड्यांनी हातांनी बेशरम उपटली, तळ चिखलून त्यात देवधान आणि पाणवनस्पती पुन्हा लावल्या. माशांना अंडी घालायला आसरा झाला, पाखरं उतरू लागली. मी त्या बायांना हात जोडतो.

आता सांज झाली, चल. एक काम मात्र तुझ्यावर सोपवतो. यंदा पहिला पूर आला की सलांगीवर जाळं लावून बसलेल्यांना जाऊन सांग: पोटात अंडी असलेली मासोळी आहे, आठ-पंधरा दिवस वाट मोकळी ठेवा.