बैलाचा खांदा जपतो, तसा आपलाही जपा
सायकलवर पिशवी अडकवून फिरणाऱ्या शेतकरी, कर्मचारी आणि विद्यार्थ्यांसाठी

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे खांदेमळणी असते. वर्षभर ज्या खांद्याने जू ओढले, त्या खांद्याला हळद-तूप चोळून शेकतात आणि दुसऱ्या दिवशी त्याची पूजा होते. जू नीट बसले नाही, एकाच जागी घासत राहिले, तर खांदेसूज येते आणि ऐन पेरणीत बैल दावणीला बसून राहतो, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. पण हाच शेतकरी सायकलला टांग मारून बाजाराला निघाला की त्याच्या स्वतःच्या खांद्यावरची पिशवी पाहा. पट्टा मानेत रुतलेला, पिशवी मांडीवर आपटते आहे आणि एक हात सारखा ती मागे सारतो आहे. बैलाच्या बाबतीत जे आपण एक दिवस चालू देणार नाही, ते स्वतःच्या बाबतीत वर्षानुवर्षे चालू देतो.

आता गावोगाव मोटारसायकली झाल्या हे खरे. तरी सायकल संपलेली नाही. मळ्यातून गावात येणारे म्हातारे बाबा, वस्तीवरून हायस्कूलला जाणाऱ्या मुली, पेपर टाकणारी पोरे, काही ठिकाणी टपाल वाटणारे ग्रामीण डाक सेवक हे सगळे आजही सायकलवर दिसतात. देशात दीड लाखाहून जास्त टपाल कचेऱ्या आहेत आणि त्यातल्या बहुतेक खेड्यांत आहेत. त्यांतले टपाल शेवटी कोणाच्या तरी खांद्यावरून किंवा सायकलच्या कॅरिअरवरूनच घरापर्यंत पोचत आले आहे. तेव्हा हा विषय वाटतो तेवढा किरकोळ नाही.

माझी फजिती

मला हा धडा मिळाला तो मातीच्या नमुन्यांमुळे. नोकरीची सुरुवातीची वर्षे होती. एसटीने मोठ्या गावापर्यंत जायचे आणि तिथून कोणाची तरी सायकल मागून घेऊन मळ्या-मळ्यांनी फिरायचे, असा शिरस्ता होता. माती परीक्षणासाठी एका नमुन्याला अर्धा किलो माती लागते. दिंडोरी तालुक्यातल्या एका गावात सकाळपासून बारा नमुने घेतले. म्हणजे माती झाली सहा किलो. वर खुरपे, टेप, वही, पाण्याची बाटली आणि डबा. हे सगळे एका शबनम पिशवीत कोंबून, पट्टा एका खांद्यावर नुसता लटकवून मी निघालो.

पाटाच्या कडेने उतार लागला. ब्रेक दाबायला पुढे वाकलो, तशी पिशवी पाठीवरून घसरून थेट गुडघ्यासमोर आली. एका हाताने तिला मागे ढकलायला गेलो आणि हँडल फिरले. मी आणि सायकल दोघेही बाभळीत. मला खरचटले त्याचे काही नाही, पण चार पिशव्या फाटल्या, बाटली सांडली, चिठ्ठ्या भिजल्या. कोणती माती कोणत्या गटाची हे कळेना. अंदाजाने चिठ्ठी लावली असती तर एकाच्या शेताचा अहवाल दुसऱ्याच्या हातात गेला असता आणि त्याने त्याप्रमाणे खत टाकले असते. म्हणून ते चारही नमुने दुसऱ्या दिवशी जाऊन पुन्हा घेतले.

बाभळीतून मला ओढून काढणारे आजोबा पिशवीकडे बघून म्हणाले, "भाऊसाहेब, बैलाला जू असं बांधलं असतं ना, तर माझ्या बापानं मलाच चाबूक मारला असता." त्यांनी खाटेच्या नवारीचा तुकडा आणून पिशवीला आडवा बंद लावून दिला. तो बंद मी पुढे कैक वर्षे वापरला.

पिशवी घसरते का?

पायी चालताना माणूस ताठ असतो, त्यामुळे पिशवी कुशीवर शांत राहते. सायकलवर तसे नसते. आपण हँडलकडे वाकतो, पायडल मारताना कंबर डावी-उजवी हलते आणि सैल पिशवी घड्याळाच्या लंबकासारखी झुलू लागते. सायकल ही दोन चाकांवर तोलाने चालणारी वस्तू आहे. पाच किलोचे ओझे पाठीवर गच्च बसले तर ते अंगाचाच भाग होते. तेच ओझे झुलत असेल तर खड्डा चुकवताना, वळण घेताना ते आपल्याला उलट्या बाजूला ओढते.

दुसरी गोष्ट खांद्याची. अरुंद पट्टा मान आणि खांदा यांच्या मधल्या मऊ जागेत रुततो. पट्टा तिथे दाबत राहिला की मान आखडते, कधी हाताच्या बोटांना मुंग्या येतात. पिशवी घसरू नये म्हणून माणूस तो खांदा नकळत वर उचलून धरतो. रोजचे दहा किलोमीटर असे केले तर संध्याकाळी पाठ भरून येणारच.

आपल्या जुन्या माणसांना तोल कळत होता. कावडीला दोन्हीकडे सारखे वजन. वारकऱ्याच्या पडशीला दोन तोंडे, अर्धे सामान छातीवर आणि अर्धे पाठीवर. एका खांद्याच्या पिशवीला असा जोडीदार नसतो. म्हणून तिला अंगाशी बांधावे लागते. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात सायकलवरून कागदपत्रे पोचवणारे निरोपे अशीच तिरपी पिशवी वापरू लागले, तेव्हा त्यांनीही हेच केले. पट्टा रुंद ठेवला, पिशवी पाठीवर उंच घेतली आणि काखेखालून दुसरा छोटा बंद लावला. नवारीच्या त्या तुकड्याने आजोबांनी मला दिले ते हेच.

पिशवी कशी अडकवावी?

१) पट्टा नेहमी तिरपा घ्यावा. उजव्या खांद्यावर पट्टा असेल तर पिशवी डाव्या कुशीकडे. एकाच खांद्यावर नुसती लटकवलेली पिशवी सायकलवर कधीही नको.

२) पट्टा आखूड करावा. चालताना पिशवी मांडीपर्यंत असली तर चालते, सायकलवर नाही. पिशवीचा खालचा काठ कमरेच्या वर राहिला पाहिजे आणि पिशवी पाठीच्या सपाट भागावर आली पाहिजे. सायकलवर बसून, हँडल धरून पट्टा ओढावा. उभे राहून बांधलेला पट्टा वाकल्यावर सैल पडतो.

३) फार आवळूही नये. छातीवरच्या पट्ट्याखाली चार बोटे सपाट शिरली पाहिजेत आणि खोल श्वास घेता आला पाहिजे. मान वळवून मागची गाडी पाहता येते का, तेही बघावे. येत नसेल तर पट्टा मानेजवळ गेला आहे, तो खांद्याच्या हाडाकडे सारावा.

४) आडवा बंद लावावा. पिशवीच्या खालच्या कोपऱ्यातून नवारीची किंवा जाड सुती पट्टी काढून, मोकळ्या काखेखालून छातीवर आणून मुख्य पट्ट्याला बांधावी. पिशवी पुढे येण्याचे कारणच संपते. मात्र निरगाठ नको, सुरगाठ मारावी किंवा बक्कल लावावे. पिशवी कुठे अडकली, आपण पडलो, तर एका झटक्यात सुटली पाहिजे.

५) पट्ट्याची लोंबणारी टोके खोचून टाकावीत. सैल टोक चाकाच्या तारांत किंवा चेनमध्ये गेले की माणूस तोंडावर पडतो. मुलींनी ओढणी आणि बायाबापड्यांनी पदरही आधी खोचावा, मग पट्टा घ्यावा.

६) खांद्याखाली गादी करावी. पट्टा निदान तीन बोटे रुंद असावा. नसेल तर जिथे तो खांद्यावर बसतो तिथे जुन्या टॉवेलची घडी शिवून घ्यावी. आठवडे बाजारात चपला-पिशव्या शिवणारा कारागीर हे काम आणि बक्कल बसवणे दोन्ही थोडक्या पैशात करून देतो.

७) खांदा बदलावा. जाताना पट्टा उजव्या खांद्यावर असेल तर येताना डाव्या. नांगराला बैल जुंपताना आपण त्यांचा विचार करतो, तेवढा आपला करायला हरकत नाही.

एवढे झाले की ओळखीच्या रस्त्यावर शे-दीडशे पावले सायकल चालवून पाहावी. एकदा पायडलवर उभे राहावे, एकदा हळू ब्रेक दाबावा. पिशवी जागची हलली नाही तर बांधणी बरोबर समजावी.

आत सामान कसे भरावे?

जड आणि सपाट वस्तू पाठीला लागून, तळाशी मधोमध ठेवाव्यात. वही, फायली, सातबाराचे कागद पाठीकडे ठेवले की तेच गादीचे काम करतात. खुरपे, पाना, कुलूप अशी टोचणारी वस्तू पाठीला लागू देऊ नये, पडलो तर तीच मणक्यात घुसते. खुरप्याचे पाते कापडात गुंडाळावे. वारंवार लागणारे सामान वर किंवा बाहेरच्या कप्प्यात ठेवावे, म्हणजे भर रस्त्यात पूर्ण पिशवी उपसावी लागत नाही. पिशवी अर्धीच भरलेली असेल तर तोंड दुमडून बांधावे, नाहीतर आतले सामान गडगडत राहते.

इगतपुरी, पेठ, सुरगाण्याकडच्या पावसात कापडी पिशवी तासाभरात ओलीचिंब होते आणि तिचे वजनही वाढते. आत स्वच्छ प्लॅस्टिकची पिशवी घालून तिचे तोंड पिळून बांधावे. नमुन्याच्या चिठ्ठ्या पेन्सिलने लिहाव्यात. शाई फुटते, पेन्सिल फुटत नाही.

औषधाची बाटली पिशवीत नको

हे मी वेगळे सांगतो आहे, कारण हे रोज पाहतो. दुकानातून फवारणीचे औषध घ्यायचे आणि भाकरीच्या फडक्याशेजारी त्याच पिशवीत टाकून निघायचे, ही सवय फार वाईट. सायकलच्या हिसक्यांनी झाकण सैल होते. गळलेले औषध भाकरीत उतरते आणि घामाने ओल्या पाठीतून अंगातही भिनते. कीटकनाशकांचा खाद्यपदार्थाशी आणि जनावरांच्या चाऱ्याशी संपर्क येईल अशी वाहतूक करू नये, असे १९७१ च्या कीटकनाशक नियमांतच सांगितले आहे. औषध वेगळ्या पिशवीत, उभे, घट्ट झाकणाने, मागच्या कॅरिअरवर बांधावे. पाठीवर ओल जाणवली तर घर येण्याची वाट न पाहता सदरा काढून साबणाने पाठ धुवावी आणि बाटली व तिची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जावे.

जड ओझे कॅरिअरवर

माझा स्वतःचा ठोकताळा असा, की मोठ्या माणसाने खांद्यावर तीन-चार किलोपर्यंतच घ्यावे. त्यापुढचे ओझे सायकलला द्यावे. लोखंड थकत नाही, खांदा थकतो. दूधवाले कॅन दोन्ही बाजूंना टांगतात, त्यात शहाणपण आहे. कॅरिअरवर पडशीसारख्या दोन पिशव्या टाकाव्यात, दोन्हीकडे वजन सारखे ठेवावे आणि जुन्या ट्यूबच्या पट्टीने आवळावे. पिशवीचा तळ तारांत जाणार नाही हे बघावे. हँडलला जड पिशवी टांगू नये. हँडल एका अंगाला ओढते आणि पिशवी पुढच्या चाकात गेली तर सायकल जागीच उलटते.

नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका आरपार करणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत पूर्ण केली. त्या शर्यतीत स्वारांच्या मागे सामानाची गाडी असते. एवढे तयारीचे लोकसुद्धा ओझे अंगावर घेत नाहीत, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

मुलींच्या दप्तराकडे बघा

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (ज्यांना गाव अजून ग्रामसेवकच म्हणते) आणि मुख्याध्यापक यांना एक विनंती. मानव विकास कार्यक्रमातून गरजू मुलींना सायकलसाठी मदत मिळते आणि त्यामुळे वस्त्यांवरच्या पुष्कळ मुली हायस्कूलपर्यंत पोचल्या. पण सायकल आली तरी दप्तर खांद्यावरच राहिले. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणाप्रमाणे पहिली ते दहावीच्या मुलांचे दप्तर त्यांच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावे. म्हणजे चाळीस किलोच्या मुलीला चार किलो. एकदा शाळेत तराजू आणून दप्तरे तोलून पाहा, मग ग्रामसभेत बोलू.

सायकल घेतानाच मजबूत कॅरिअर आणि स्टँड आहे का ते पाहावे. जादा पुस्तके ठेवायला वर्गात एक फळी असावी. आईबापांनी एक दिवस दारात उभे राहून पोरीची पिशवी कशी लोंबते ते नुसते पाहावे. पट्टा चार बोटे आखूड करायला पैसे लागत नाहीत.

येत्या पोळ्याला बैलाची खांदेमळणी कराल, तेव्हा घरातल्या सायकलवाल्याचीही पिशवी खुंटीवरून काढा. पट्टा उसवला आहे का, बक्कल धड आहे का, बंद आहे का ते पाहा आणि ती त्याच्या अंगाला बसवून द्या. ज्याच्या खांद्यावर घर चालते, त्याचा खांदा वर्षातून एक दिवस तरी बघितला गेला पाहिजे.