चातुर्मास आणि देहाचा तराजू

आषाढ शुद्ध एकादशीस चातुर्मास लागतो आणि घरोघरी संकल्प सोडले जातात. कोणी कांदा-लसूण वर्ज्य करतो, कोणी एकभुक्त राहतो. अलीकडे त्यांत वजन उतरविण्याच्या संकल्पाची भर पडली आहे. आम्हीही तो सोडला आणि आमच्याच अविवेकाने मोडला, ती हकीकत येथे सांगतो.

त्या वर्षी आमचे वजन ८० किलो भरले. गुडघे कुरकुरत, उभ्याने कीर्तन करणे जड जाई. विवाहसमयी आम्ही ५८ किलोंचे होतो. तोच आकडा कार्तिकी एकादशीपर्यंत गाठावयाचे ठरविले. चार महिन्यांत २२ किलो! एकादशीस निर्जळी उपवास केला. दुसऱ्या सकाळी काटा दीड किलो खाली! परंतु पारण्यानंतर दोनच दिवसांत तो पूर्वपदावर आला. आम्ही अन्न आणखी तोडले. श्रावणात ब्राह्मणपुरीस कीर्तन करीत असता पूर्वरंगातच भोवळ आली, श्रोत्यांनी सावरले.

यजमान मिरचीचे जुने व्यापारी. ते म्हणाले, "बुवा, नंदुरबारच्या पथारीवर ओली मिरची वाळते, तेव्हा घटते ते पाण्याचे वजन. तुमचेही तेच झाले."

बोल खरा होता. शरीरातील साखरेचा साठा आपल्यासवे सुमारे तिप्पट पाणी धरून असतो. उपवासात साठा सरला की ते पाणी जाते, जेवताच परतते. खारट फराळ, मलावरोध, स्त्रियांची मासिक पाळी यांमुळेही वजन एक-दोन किलोंनी हलते. हा चढउतार चरबीचा नव्हे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २१ व्या अध्यायात अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांनाही निंदित गणले आहे. प्रशंसा आहे ती प्रमाणबद्ध देहाची. आजचे वैद्यकही सहा महिन्यांत मूळ वजनाच्या ५ ते १० टक्के घट पुरेशी मानते. तेवढ्यानेही रक्तदाब व रक्तातील साखर सुधारू लागते.

पुढील चातुर्मासात डॉक्टरांच्या सल्ल्याने आम्ही ७६ किलोंचा संकल्प केला आणि वरखाली एका किलोची मोकळीक ठेवली. दर गुरुवारी सकाळी, शौचानंतर, अनशापोटी, एकाच काट्यावर वजन पाहिले. एका आकड्यावर न विसंबता चार आठवड्यांची सरासरी धरली. फराळाचे ताट लहान केले, रात्री एकच भाकरी, पहाटे तापीकाठी फेरी. दिवाळीत काटा ७७ वर गेला. आम्ही घाबरलो नाही. कार्तिकीस तो ७६ वर आला.

मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच उपवास करावा. प्रयत्नाविना वजन घटत राहिले, अथवा पायांना सूज व धाप यांसह झपाट्याने वाढले, तर तो नित्याचा चढउतार समजू नये. तत्काळ दवाखाना गाठावा.

त्या कार्तिकात आम्ही पुन्हा ब्राह्मणपुरीस गेलो. अर्धवट राहिलेले आख्यान उत्तररंगासह उभ्याने पुरे झाले. वाचकहो, यंदा संकल्प सोडाल तो निभेल एवढाच सोडा.